मंत्र्यांची नावं सभागृहानं मंजूर करायची पद्धत आपल्याकडे असती तर?

दर्यावर्दी (रेवदंडा), १८ ऑगस्ट २०२५
रायगडच्या पालकमंत्रिपदाचा तिढा सात महिने झाले तरी सुटलेला नाही. १८ जानेवारीला यादी आली, रायगडला आदिती तटकरे. दुसऱ्याच दिवशी रायगड आणि नाशिक या दोन्ही नेमणुकांना स्थगिती, कारण भरत गोगावले यांच्यासाठी शिवसेनेनं धरलेला हट्ट. परवा १५ ऑगस्टला अलिबागचं ध्वजवंदन तटकरे यांच्याकडे आलं आणि पुन्हा धुसफूस सुरू.

आता याच अरबी समुद्रातल्या मालदीवचं बघा. तिथं राष्ट्राध्यक्षानं नेमलेला प्रत्येक मंत्री संसदेनं मंजूर करावा लागतो. जानेवारी २०२४ मध्ये यावरूनच सभागृहात खासदारांची हाणामारी झाली आणि तीन नावं फेटाळली गेली. आपल्याकडे असं काही असतं तर वाटाघाटी बंद दाराआड न होता उघड्यावर झाल्या असत्या आणि भांडण एकदाचं मिटलं असतं, असं माझं मत. जाणकारांनी सांगावं.

सडाकातळ (देवगड)
यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आधी त्या सुट्या करू.

मंत्रिपद हे घटनेतलं पद. अनुच्छेद १६४ : मुख्यमंत्र्याची नेमणूक राज्यपाल करतात, बाकी मंत्र्यांची मुख्यमंत्र्याच्या सल्ल्यानं. केंद्रासाठी हेच ७५ मध्ये. यात सभागृहाची मंजुरी कुठंच नाही. पालकमंत्रिपद तर घटनेत नाहीच, ते सरकारी आदेशानं दिलं जातं, म्हणून एका रात्रीत देता येतं आणि एका रात्रीत थांबवताही येतं. उद्या मंत्र्यांसाठी मालदीवसारखी पद्धत आली तरी गोगावले आणि तटकरे दोघंही मंत्री म्हणून मंजूर होतील आणि रायगडचा प्रश्न जागच्या जागी राहील.

सभागृहाच्या हातात काय आहे तेही सांगतो. अधिवेशनाच्या सुरुवातीला नव्या मंत्र्यांचा परिचय करून दिला जातो. बस, एवढंच. अविश्वास प्रस्ताव आणायचा तर तो पूर्ण मंत्रिमंडळावर, एकट्या मंत्र्यावर आणता येत नाही. लोकसभेत त्याला ५० सदस्यांचा पाठिंबा लागतो. एकट्या मंत्र्याला धरायचं तर त्याच्या खात्याच्या मागणीवर कपात सूचना : धोरण पटत नसेल तर मागणी १ रुपयावर आणा, विशिष्ट तक्रार असेल तर १०० रुपये कमी करा. कपात सूचना मंजूर झाली तर तो सरकारचाच पराभव मानतात, त्यामुळे ती मंजूर होत नाही.

आकड्यांची मर्यादा मात्र पक्की आहे. ९१ वी घटनादुरुस्ती, २००३ : मुख्यमंत्र्यासकट एकूण सदस्यांच्या १५ टक्के. आपल्याकडे २८८ चे १५ टक्के ४३.२, म्हणजे ४३. डिसेंबर २०२४ ला नागपुरात ३९ जणांनी शपथ घेतली, आधीचे तिघे धरून ४२.

काजूबोंड (सावंतवाडी)
रे दर्यावर्दी, ता मालदीवचा ऱ्हवांदे. गणपतीक नव दिवस ऱ्हवले. हायवेचे खड्डे कोण बुजवतलो ता आधी मंजूर करून घे.

चाकरमानी_परळ
खड्ड्यांना कोणाची मंजुरी लागत नाही. ते पदसिद्ध आहेत.

खाडीपलीकडे (दापोली)
मालदीवचं उदाहरण घेतलंय तर पूर्ण घ्या, कारण त्यात तुमच्या मताच्या उलटच दिसतं.

त्यांची घटना २००८ ची. राष्ट्राध्यक्ष आधी मंत्री नेमतो, तो शपथ घेतो, कामाला लागतो. नेमणुकीपासून ७ दिवसांत नाव मजलिसकडे, म्हणजे तिथल्या संसदेकडे पाठवायचं. मंजुरी नंतर. हा क्रम लक्षात ठेवा, सगळी गडबड तिथून सुरू होते. २०१० मध्ये मोहम्मद नशीद राष्ट्राध्यक्ष, मजलिसमध्ये बहुमत विरोधकांचं. जूनमध्ये अख्ख्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला, जुलैत तीच माणसं पुन्हा नेमली, वर्षाच्या शेवटी मजलिसनं सात जणांना नकार दिला. तरी ते खुर्ची सोडेनात. शेवटी डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की संसदेनं नाकारलेल्याला पदावर राहता येणार नाही.

२०२४ मध्ये ज्यांनी नावं अडवली त्या एमडीपीमध्ये (मालदीवियन डेमोक्रॅटिक पार्टी, नशीद यांचाच पक्ष) त्याआधीच फूट पडली होती. नशीद आणि इब्राहिम सोलिह यांचं जमेना, नशीद यांच्या गटानं डेमोक्रॅट्स नावाचा वेगळा पक्ष काढला. दोन्ही तुकडे विरोधात, आणि एकत्र आले तर बहुमत. त्या जोरावर चार नावं अडवली, त्यातलं एक पार पडलं. गृहनिर्माण मंत्री, इस्लामिक व्यवहार मंत्री आणि महान्यायवादी हे तिघं पडले. लगेच राष्ट्राध्यक्ष मुइज्जूंनी त्याच तिघांना पुन्हा नेमलं! कारण नाकारलेल्याला परत नेमू नये असं त्यांच्या घटनेत लिहिलेलंच नाही. मंजुरीच्या कायद्यात ही एक ओळ राहिली की बाकी सगळा कायदा शोभेचा.

सडाकातळ (देवगड)
ही ओळ फिलिपिन्समध्ये आहे. तिथं नेमणूक आयोग असतो : १२ सिनेटर, १२ कनिष्ठ सभागृहाचे सदस्य, अध्यक्षस्थानी सिनेटचा अध्यक्ष. अधिवेशन संपेपर्यंत आयोगानं निर्णयच घेतला नाही तर नेमणूक गळते, पण राष्ट्राध्यक्ष पुन्हा नेमू शकतो. स्पष्ट नकार दिला तर मात्र विषय कायमचा संपला. २०१७ च्या मे महिन्यात पर्यावरण मंत्री जीना लोपेझ यांना असाच नकार मिळाला आणि त्यांना जावं लागलं. खाणींवर कारवाई केलेली बाई होती. कोणाच्या दबावानं मतं फिरली असतील ते सिंधुदुर्गातल्या कळणेच्या खाणीबद्दल वाचलेल्यांना वेगळं सांगायला नको.

मचवा_आणि_मोजमाप (मालवण)
पद्धत नीट कशी असते ते बघायचं तर केनिया. २०१० च्या घटनेनुसार तिथं मंत्री खासदार नसतोच, आणि राष्ट्रीय सभागृहाच्या पूर्वमंजुरीशिवाय शपथ होत नाही. पायऱ्या अशा :

राष्ट्राध्यक्षाकडून नाव सभापतीकडे. सभागृहाचा सचिव वर्तमानपत्रात जाहिरात देतो : अमुक उमेदवाराबद्दल कोणाला आक्षेप असेल तर प्रतिज्ञापत्रावर लिहून द्या. साध्या अर्जावर नाही, प्रतिज्ञापत्रावर, म्हणजे खोटं बोललात तर अडकाल. मग नेमणूक समितीपुढे उघडी सुनावणी. उमेदवारानं कर भरल्याचा दाखला, भ्रष्टाचारविरोधी आयोगाचा दाखला, गुन्हे अन्वेषण खात्याचा दाखला आणि उच्चशिक्षणाचं सरकारी कर्ज फेडल्याचा दाखला आणायचा. संपत्ती किती ते तिथंच तोंडी विचारतात. समितीचा अहवाल, मग सभागृहात मतदान. सगळं २८ दिवसांत.

गोम अशी की मुदतीत सभागृहानं होय किंवा नाही काहीच म्हटलं नाही तर नाव मंजूर झालं असं धरलं जातं. त्यामुळे आपसांत भांडून बैठक लांबवण्यात कोणाला फायदा नाही. २०२४ मध्ये तरुणांच्या आंदोलनानंतर राष्ट्राध्यक्ष रुटोंनी मंत्रिमंडळ बरखास्त करून नवी नावं पाठवली, त्यात स्टेला लांगट या एकट्या पडल्या.

दर्यावर्दी (रेवदंडा)
हेच तर म्हणतोय! प्रतिज्ञापत्र, दाखले, उघडी सुनावणी. आपल्याकडे उमेदवारी अर्जासोबत शपथपत्र असतंच. तेच समितीपुढे ठेवून प्रश्न विचारले तर काय बिघडलं?

जंजिरा_बुरूज (मुरूड)
काही बिघडणार नाही, आणि काही घडणारही नाही. कारण घटनेची दहावी अनुसूची, म्हणजे पक्षांतरबंदी.

परिच्छेद २(१)(ब) : पक्षाच्या आदेशाविरुद्ध मत दिलं किंवा गैरहजर राहिलात, आणि पक्षानं १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. मंत्री मंजूर करायचा ठराव आला की तिन्ही पक्षांचे प्रतोद आदेश काढणार. भाजप १३२, शिवसेना ५७, राष्ट्रवादी ४१, बेरीज २३०. सुनावणीत कितीही वाभाडे निघाले तरी मतं २३० पडणार. केनियात, अमेरिकेत पक्षाविरुद्ध मत दिलं म्हणून कोणाची आमदारकी जात नाही. अमेरिकेचे संरक्षणमंत्री म्हणून हेगसेथ यांचं नाव आलं त्या वेळी जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्याच पक्षाचे तीन सिनेटर विरोधात गेले, ५०-५० झालं, उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स यांच्या मतावर ते तरले. त्यानंतरही ते तिघं सिनेटर राहिले.

प्रतोद कोणाचा यावरही आपल्याकडे घोळ होतोच. ११ मे २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा : प्रतोद राजकीय पक्ष नेमतो, विधिमंडळ पक्ष नाही. त्या निकालात अध्यक्षांनी ज्या प्रतोदाला दिलेली मान्यता बेकायदा ठरली ते महाडचे भरत गोगावलेच.

लाल_माती (लांजा)
म्हणजे फिरून महाडातच आलो. 😄

खाडीपलीकडे (दापोली)
जंजिरा_बुरूज, पक्षादेशाचा मुद्दा मान्य. पण मतदान गुप्त असेल तर? घानामध्ये मंत्र्यांना संसदेची पूर्वमंजुरी लागते. मार्च २०२३ मध्ये सहा नावं आली. विरोधी एनडीसीच्या नेतृत्वानं सगळ्यांना सांगितलं, एकही मंजूर होता कामा नये. सत्ताधारी आणि त्यांच्या बाजूचा एक अपक्ष मिळून १३८. गुप्त मतदान झालं आणि सहाही जणांना १३८ च्या वर मतं! विरोधकांचीच मतं फुटली आणि पुढे कितीतरी दिवस त्या पक्षात कोण फुटला याचा शोध चालू. जानेवारी २०२५ मध्ये त्याच देशात नेमणूक समितीच्या बैठकीत टेबलं उलटी झाली, माइक तुटले, ते वेगळंच.

जंजिरा_बुरूज (मुरूड)
गुप्त मतदान आपल्या पक्षांना परवडत नाही. पुरावा घरचाच आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी विधानसभा अध्यक्षपद सोडलं. नियमाप्रमाणे अध्यक्षाची निवड गुप्त मतदानानं होती. आघाडीला स्वतःच्याच आमदारांची खात्री नव्हती, पद रिकामं राहिलं. डिसेंबर २०२१ मध्ये नियम बदलून आवाजी मतदान आणलं, तरी निवड झाली नाही. २० जून २०२२ ला विधान परिषदेचं मतदान झालं, ते गुप्त. मतं फुटली आणि त्याच रात्री सुरतेचा रस्ता धरला गेला. अध्यक्ष निवडले गेले ते ३ जुलैला, सरकार बदलल्यावर, राहुल नार्वेकर, १६४ विरुद्ध १०७, सदस्य उभे करून शिरगणती.

तेव्हा पर्याय दोनच. मतदान उघड ठेवलं तर मंजुरी कागदापुरती. गुप्त ठेवलं तर मंत्र्याची लायकी राहते बाजूला आणि प्रत्येक नाव म्हणजे सरकार पाडायची चाचणी.

पावशी_तिठा (कुडाळ)
शिरगणतीचं सोडा, ३० जून ते ९ ऑगस्ट २०२२ महाराष्ट्रात मंत्री किती होते? दोन. शिंदे आणि फडणवीस. अनुच्छेद १६४(१क) सांगतो मुख्यमंत्र्यासकट १२ पेक्षा कमी नकोत. कमाल मर्यादा सगळ्यांना पाठ, किमान मर्यादा कोणी विचारत नाही. आणि डिसेंबर २०२४ मध्ये १५ तारखेला शपथ, २१ ला खातेवाटप. मधलं अख्खं नागपूर अधिवेशन बिनखात्याच्या मंत्र्यांनी काढलं. मालदीवसारखी ७ दिवसांची मुदत निदान खातेवाटपाला तरी लावा.

दर्यावर्दी (रेवदंडा)
हे आवडलं. पण माझा प्रश्न आघाडी सरकारांचा आहे. जिथं मित्रपक्षच एकमेकांची नावं अडवतात तिथं संसदेच्या मंजुरीनं काय झालंय?

मचवा_आणि_मोजमाप (मालवण)
इराक. अनुच्छेद ७६ : नियोजित पंतप्रधानाला नावं आणायला ३० दिवस, आणि प्रत्येक मंत्र्यावर वेगळं मतदान. ऑक्टोबर २०१८ मध्ये आदिल अब्दुल महदी २२ नावं घेऊन उभे राहिले, १४ मंजूर झाली. उरलेल्यांत गृह आणि संरक्षण, कारण धर्मगुरू मुक्तदा अल-सद्रचा गट आणि समोरचा गट एकमेकांच्या माणसाला हात लावू देईनात. ही दोन खाती भरायला जून २०१९ उजाडलं. २०२० मध्ये मोहम्मद अल्लावी यांना तर गणपूर्तीच मिळाली नाही. विरोधात मत द्यायचीही गरज नाही, सभागृहात यायचंच नाही, झालं काम. त्यांनी नाद सोडला.

अफगाणिस्तानात २ जानेवारी २०१० ला राष्ट्राध्यक्ष करझाईंच्या २४ पैकी १७ नावांना नकार, दोन आठवड्यांनी दुसऱ्या यादीतल्या १७ पैकी १० ना नकार. मग काय, खाती काळजीवाहूंच्या हाती. काळजीवाहू मंत्री किती दिवस राहू शकतो हे कायद्यात घट्ट बांधलं नाही की मंजुरीला वळसा घालायचा रस्ता मोकळा. २०१६ मध्ये तिथल्या संसदेनं अर्थसंकल्पाचे ७० टक्केही खर्च केले नाहीत म्हणून सात मंत्र्यांना काढलं, तर राष्ट्राध्यक्ष घनींनी त्यांना कामावर राहायला सांगितलं.

लाल_माती (लांजा)
७० टक्क्यांची अट आपल्या जिल्हा नियोजनाच्या निधीला लावा. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात कसा फटाफट खर्च होतो बघा.

चाकरमानी_परळ
नायजेरियाची पद्धत भारी आहे. तिथं सिनेटपुढे मुलाखत असते, पण माजी खासदार समोर आला की म्हणतात, नमस्कार करा आणि निघा. प्रश्नच नाही. आपल्याकडे ही पद्धत आली तर सगळेच नमस्कार करून निघतील.

पावशी_तिठा (कुडाळ)
त्याच नायजेरियात २०२३ मध्ये ४८ पैकी ४५ मंजूर झाले आणि तिघं सुरक्षा दाखल्यासाठी अडकले, त्यात एल-रुफाईंसारखा माजी राज्यपाल. नमस्कार सगळ्यांना लागू पडत नाही.

नारळीपाक (संगमेश्वर)
एवढे देश हिंडलात, ग्रामपंचायतीत या जरा. थेट निवडून आलेल्या सरपंचावर अविश्वास आणायचा तर आधी सदस्यांच्या सह्यांची नोटीस तहसीलदाराकडे. मग तहसीलदाराच्या अध्यक्षतेखाली विशेष सभा, तीन चतुर्थांश बहुमत, म्हणजे मतदानाला पात्र सदस्य ११ असतील तर ९. ८ मतं पडली तर प्रस्ताव पडला. एवढं करूनही सरपंच जात नाही. ग्रामसभेत गुप्त मतदानानं शिक्कामोर्तब व्हावं लागतं. इथं पक्षादेश नाही, मतदार समोर बसलेला, आणि मतदान गुप्त. घानाचं आणि केनियाचं जे चांगलं सांगताय ते ग्रामपंचायतीच्या कायद्यात आहे, मंत्रालयात नाही.

जंजिरा_बुरूज (मुरूड)
पण ते काढण्यासाठी आहे, नेमण्यासाठी नाही. फरक मोठा आहे.

नारळीपाक (संगमेश्वर)
फरक आहेच. काढणं अवघड ठेवलंय कारण निवड लोकांनी केलीय. मंत्री तर कोणीच निवडलेला नाही, मग त्याला बसवणं एवढं सोपं का?

पावशी_तिठा (कुडाळ)
२० ऑगस्टची भर : आज लोकसभेत १३० वी घटनादुरुस्ती मांडली. पाच वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात सलग ३० दिवस कोठडीत असलेला मंत्री ३१ व्या दिवशी पदावरून जाणार. संयुक्त समितीकडे पाठवलंय. म्हणजे नेमताना चाळणी नाहीच, काढताना कोठडीची चाळणी. २०१४ च्या मनोज नरुला खटल्यात न्यायालयानं गुन्हे दाखल असलेल्यांना मंत्री करू नका अशी अपेक्षा व्यक्त करून निर्णय पंतप्रधान-मुख्यमंत्र्यांवर सोडला होता.

दर्यावर्दी (रेवदंडा)
त्यावर वेगळा धागा काढा, इथं पेटेल. मला रायगडचं उत्तर अजून मिळालेलं नाही. सात आमदार : पनवेल, उरण, पेण भाजप, कर्जत, अलिबाग, महाड शिवसेना, श्रीवर्धन राष्ट्रवादी. रायगड मतदारसंघाचे खासदार राष्ट्रवादीचे. कोणत्या हिशोबानं पद द्यायचं?

सडाकातळ (देवगड)
पद कशासाठी हवंय ते बघा, मग हिशोब सुचेल. झेंडा वर्षातून तीन-चारदा. खरा जीव आहे जिल्हा नियोजन समितीच्या अध्यक्षपदात. वार्षिक योजनेत कुठला साकव, कुठली जेटी, कुठल्या शाळेचं छप्पर, हे तिथं ठरतं. सदस्य सचिव जिल्हाधिकारी, अध्यक्ष पालकमंत्री.

आता गंमत. घटनेचा अनुच्छेद २४३ यघ अध्यक्ष कसा निवडायचा हे राज्याच्या कायद्यावर सोडतो. आपला कायदा १९९८ चा. त्यात साधी दुरुस्ती केली आणि अध्यक्ष समितीच्या सदस्यांनी निवडायचा ठरवला, तर घटनादुरुस्ती नको, दिल्ली नको, साध्या बहुमतानं विधिमंडळात काम होतं. समितीचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद आणि नगरपालिकांतून, ग्रामीण आणि शहरी लोकसंख्येच्या प्रमाणात निवडून यायचे असतात. तुम्हाला हवी ती मंजुरी इथं जिल्ह्यातच बसवता येते.

लाल_माती (लांजा)
कोणते निवडून आलेले सदस्य? रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, तिन्ही जिल्हा परिषदांत २०२२ पासून प्रशासक आहेत. चार पंचमांश खुर्च्या रिकाम्या. आज अध्यक्ष निवडायचा म्हटलं तर मत द्यायला उरतात आमदार-खासदार आणि नेमलेली माणसं.

सडाकातळ (देवगड)
म्हणून आधी निवडणूक. सर्वोच्च न्यायालयानं ६ मे रोजी चार महिन्यांत प्रक्रिया पूर्ण करायला सांगितलंय. सदस्य आले की दुरुस्तीची मागणी करता येईल, त्याआधी उपयोग नाही.

खाडीपलीकडे (दापोली)
आणि ती निवड गुप्त की हात वर करून?

जंजिरा_बुरूज (मुरूड)
गुप्त. आमदार-खासदारांची दहावी अनुसूची विधिमंडळ आणि संसदेतल्या मतांपुरती आहे. १९८६ चा स्थानिक सदस्य अपात्रता कायदाही महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषद आणि पंचायत समितीतल्या मतांपुरता. नियोजन समिती दोन्हींच्या बाहेर पडते. पक्षादेश काढला तरी त्यावर कोणाला अपात्र करता येणार नाही. म्हणूनच ही दुरुस्ती तिघांपैकी एकही पक्ष मांडणार नाही, पैज लावतो.

काजूबोंड (सावंतवाडी)
पैज कसली? सोलकढी की रोख?